घरच्या कॉम्प्युटरला दोन कोअर पुरतील की चारच घ्यावेत?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. घरचा जुना कॉम्प्युटर मागच्या आठवड्यात गेला. बटण दाबलं की पंखा अर्धा फेरा मारतो आणि थांबतो. दुरुस्तीवाल्याने बोर्ड उडालाय म्हणून सांगितलं, आणि या बोर्डावर आता पैसे घालू नका असंही. म्हणून ऑफिसांतून निघालेल्या मशीन विकतात त्यातली एखादी घ्यायचं ठरवलंय. नवी कोरी सध्या जमणार नाही, मुलाची फी नुकतीच भरलीय.

दुकानदाराने दोन डबे दाखवलेत. दोन्हींत ८ जीबी रॅम.

एकात आय३-७१०० प्रोसेसर, दोन कोअर, २५६ जीबी एसएसडी (चिपवाली वेगवान डिस्क). दुसरा आय५-६५००, चार कोअर, ५०० जीबीची साधी हार्ड डिस्क. दुसरा दीड हजाराने महाग. "चार कोअर म्हणजे सरळ दुप्पट स्पीड" असं त्याचं म्हणणं.

घरातला वापर सांगतो. बायको घरून लग्नपत्रिका आणि वाढदिवसाचे फ्लेक्स डिझाइन करते, कोरल ड्रॉमध्ये, मराठी फॉन्टचं सॉफ्टवेअर डोंगलवर, म्हणजे यूएसबीत लावायच्या किल्लीवर, चालतं. मुलगा पॉलिटेक्निकला पहिल्या वर्षाला आहे, आत्ता सी शिकतोय, पुढे जावा आणि अँड्रॉइड आहे म्हणतो. वडील दुपारी यूट्यूबवर कीर्तन ऐकतात. गेम कोणी खेळत नाही. निदान पाचसहा वर्षं चालावा एवढीच इच्छा. काय घेऊ?

बारा_गडगडी

चारच घ्या, डोळे झाकून. दोन कोअरचा जमाना गेला. दीड हजाराकडे बघू नका.

खटपट्या

डोळे झाकून नको, थोडं बघून घेऊ.

कोअर म्हणजे काम करणारा हात. दोन कोअर म्हणजे एका वेळी दोन कामं खरोखर एकत्र चालतात, चार म्हणजे चार. पण एकच काम चार हातांत वाटता येतंच असं नाही. समजा एका कामाला दहा मिनिटं लागतात आणि त्यातली सहा मिनिटं अशी आहेत की आधीचं झाल्याशिवाय पुढचं सुरूच होत नाही. उरलेली चार मिनिटंच वाटता येतील. दोन कोअरवर ते काम आठ मिनिटांत होईल, चार कोअरवर सातमध्ये. कोअर दुप्पट केले आणि वाचलं एक मिनिट. व्हिडिओ एका फॉरमॅटमधून दुसऱ्यात काढणं असं काम असेल तर जवळजवळ सगळंच वाटता येतं, तिथे चार कोअर खरोखर दुप्पटीच्या आसपास जातात. म्हणजे दुकानदार खोटं बोलत नाही, पण त्याचं वाक्य ठरावीक कामांपुरतं खरं आहे.

आता तुमच्या दोन मशीन. आय३-७१०० चे कोअर दोन, पण ते ३.९ गिगाहर्ट्झ वेगावर चालतात आणि त्यात हायपरथ्रेडिंग आहे. म्हणजे प्रत्येक कोअर दोन कामांचे धागे हाताशी ठेवतो, एक थांबला की दुसरा पुढे सरकवतो. विंडोजला त्यामुळे चार दिसतात. ते चार खरे कोअर नव्हेत. कामानुसार पाव हिस्सा वगैरे फायदा मिळतो, कधी काहीच नाही. आय५-६५०० चे कोअर चार, हायपरथ्रेडिंग नाही, मूळ वेग ३.२ आणि जास्तीत जास्त ३.६. त्यामुळे एकाच कोअरवर चालणाऱ्या कामात आय३ किंचित पुढे, चारही कोअर वापरणाऱ्या कामात आय५ बराच पुढे.

पण तुमच्या प्रश्नात मला खटकलं ते वेगळंच. एकात एसएसडी आणि दुसऱ्यात साधी हार्ड डिस्क. हा फरक कोअरच्या फरकापेक्षा मोठा आहे. चार जणी पोळ्या लाटायला बसल्या आणि तवा एकच असला तर पोळ्या तव्याच्या गतीनेच निघणार. साधी हार्ड डिस्क म्हणजे तो एकुलता एक तवा, आणि तोही मंद आचेवरचा.

नीलपरी

खटपट्यादादांचं म्हणणं मी माझ्या टेबलावर पाहिलंय म्हणून लिहिते. मीही डीटीपीच (कॉम्प्युटरवर पत्रिका वगैरेची मांडणी) करते, चौदा वर्षं झाली.

माझ्याकडे आधी चार कोअरचंच मशीन होतं, हार्ड डिस्कवालं. सकाळी चालू करायचं आणि चहा ठेवायचा. चहा उकळून, गाळून, पिऊन झाला तरी कोरल उघडायला तयार नसायचं. एक दिवस कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर, म्हणजे मशीनचा कुठला भाग किती कामात आहे ते दाखवणारी खिडकी, उघडला. सीपीयू (म्हणजे प्रोसेसर) १८ टक्के, डिस्क १०० टक्के, आणि तो १०० चा आकडा लाल होऊन तिथेच बसलेला. चार कोअर रिकामे बसले होते आणि डिस्क एकटी धापा टाकत होती. एसएसडी बसवली, बाकी एक स्क्रूसुद्धा बदलला नाही, आणि तेच मशीन पुढे तीन वर्षं वापरलं.

कोरलबद्दल आणखी एक. भरगच्च पत्रिकेत, म्हणजे गणपती, कलश, तोरण, मागे वेलबुट्टी आणि सगळ्यावर पारदर्शक सावल्या, एखादा गणपती जरा सरकवला की पडदा पुन्हा रंगेपर्यंत थांबावं लागतं. तेव्हा मी टास्क मॅनेजरमध्ये आलेखावर राइट क्लिक करून प्रत्येक लॉजिकल प्रोसेसरचा (विंडोजला दिसणाऱ्या प्रत्येक कोअरचा) वेगळा आलेख लावून पाहिला. एकाच चौकटीत रेघ वर गेलेली, बाकीच्या जमिनीवर. माझ्या आवृत्तीत तरी असंच आहे. वहिनींच्या कामाला कोअर किती यापेक्षा एक कोअर किती वेगाने पळतो हे जास्त लागेल. आणि रॅम. कोरल, फोटोशॉप, ब्राउझरमध्ये व्हॉट्सअॅप उघडं (गिऱ्हाईक मजकूर तिथेच पाठवतं), एवढ्यात ८ जीबी काठोकाठ भरतात.

जुनाजाणता

हा वाद मी २००८ मध्ये स्वतः घातलाय, आणि तेव्हा मी ज्या बाजूला होतो ती बाजू पुढे हरली. म्हणून सांगतो.

थोडी मागची गोष्ट. २००४ च्या सुमारास पेन्टियम ४ वेग वाढवत वाढवत ३.८ गिगाहर्ट्झला येऊन अडकला. त्यापुढे चिप इतकी तापायला लागली की वेग वाढवण्यात अर्थ उरला नाही. मग २००५ मध्ये इंटेलने पेन्टियम डी आणि एएमडीने अॅथलॉन ६४ एक्स२ आणला, म्हणजे वेग वाढवण्याऐवजी हात दोन केले. जुलै २००६ मध्ये कोअर २ ड्युओ आला आणि घराघरांत 'ड्युअल कोअर' हा शब्द पोचला. जानेवारी २००७ मध्ये कोअर २ क्वाड क्यू६६०० आला. तो आतून दोन ड्युअल कोअर चिपा एकाच टोपीखाली बसवलेला होता. एका जोडीला दुसऱ्या जोडीशी बोलायचं तर बाहेरच्या रस्त्याने, मदरबोर्डावरून जावं लागे.

२००८ मध्ये माझ्यासमोर दोन पर्याय होते. ड्युओ ई८४००, दोन कोअर, ३ गिगाहर्ट्झ. किंवा क्वाड क्यू६६००, चार कोअर, २.४ गिगाहर्ट्झ. त्या वेळची बहुतेक सॉफ्टवेअरं एकच कोअर वापरायची, फार तर दोन. मी हिशेब करून ई८४०० घेतला. माझ्या मित्राने त्याच महिन्यात, त्याच लॅमिंग्टन रोडवरून क्यू६६०० घेतला. पहिली दोन वर्षं माझं मशीन त्याच्यापेक्षा चपळ होतं, आणि मी ते त्याला प्रत्येक भेटीत ऐकवायचो. चौथ्या वर्षापासून उलटं झालं. ब्राउझर प्रत्येक टॅबची वेगळी प्रोसेस करायला लागले, अँटीव्हायरस मागे सतत चालू, अपडेट मागे चालू. माझे दोन्ही कोअर त्यातच गुंतायचे. त्याचं मशीन त्याच्या मुलीने शाळा संपेपर्यंत वापरलं. माझं मी २०१३ मध्ये काढलं.

घरी कॉम्प्युटर आज काय करतो एवढ्यावर घेऊ नका. सहा वर्षं वापरणार असाल तर पाचव्या वर्षाचा विचार आत्ता करा. घरात तीन माणसं आणि एक मशीन असेल तर एकाचं काम उघडं राहतं आणि दुसरा येऊन बसतो. वहिनींची फाइल बंद करायची नाही आणि मुलाला प्रोग्रॅम चालवायचाय, हे रोज होणार. माझं मत चार कोअरला.

रात्रपाळी

मंडळी, सगळे कोअर मोजताय, पण कृष्णाकाठ, तुम्ही त्यावर विंडोज कोणतं घालणार? माझं कामच ऑफिसच्या मशीन सांभाळायचं आहे म्हणून विचारतो.

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती मशीनसाठी नाव नोंदवून सुरक्षा अपडेट आणखी वर्षभर, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, मिळतात. पुढे विंडोज ११. आणि विंडोज ११ ची प्रोसेसरची यादी कोअर मोजून केलेली नाही. कोअर दोन असले तरी चालतात. ती यादी पिढी बघते. इंटेलची आठवी पिढी आणि त्यापुढचे बसतात, त्याआधीचे अगदी थोडे अपवाद सोडले तर नाही. चार कोअर, आठ थ्रेडचा (धाग्यांचा) आय७-७७०० हा एके काळचा घरगुती मशीनमधला राजा, तो यादीत नाही. दोन कोअरचा साधा सेलेरॉन जी४९०० यादीत आहे.

मॉडेल नंबर वाचायची सवय लावा. आय३, आय५ नंतरच्या चार आकड्यांतला पहिला आकडा पिढी सांगतो. ६५०० म्हणजे सहावी, ७१०० म्हणजे सातवी. तुम्हाला दाखवलेले दोन्ही डबे यादीच्या बाहेर आहेत! ऑफिसांनी नेमक्या याच कारणाने हे डबे ढिगाने बाहेर काढले आणि म्हणूनच ते बाजारात एवढे स्वस्त दिसतात. आडमार्गाने विंडोज ११ चढवता येतं, लोक चढवतात, पण ज्या मशीनवर बायकोचा धंदा आहे आणि गिऱ्हाइकांच्या फायली आहेत तिथे मी आडमार्ग सुचवणार नाही.

दुकानदाराला विचारा, आय३-८१०० आहे का. त्यातच तुमच्या दोन्ही अडचणी सुटतात. सातव्या पिढीपर्यंत डेस्कटॉप आय३ म्हणजे दोन कोअर असायचे. आठव्या पिढीत, २०१७ च्या शेवटी, इंटेलने आय३ ला चार कोअर दिले आणि आय५ ला सहा. आय३-८१०० चे चार खरे कोअर, ३.६ गिगाहर्ट्झ. म्हणजे तुमच्या आय५-६५०० एवढेच कोअर, मूळ वेग त्याच्याहून जास्त, आणि विंडोज ११ च्या यादीत.

एक सावधगिरी. "आत्ता आय३-७१०० घ्या, पुढे त्यात आठव्या पिढीचा प्रोसेसर टाकू" असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. सॉकेटचं, म्हणजे बोर्डावर प्रोसेसर बसतो त्या खाचेचं, नाव दोन्हीकडे एलजीए ११५१ च आहे, प्रोसेसर बसतोही, पण जुन्या बोर्डावर तो चालत नाही. आठव्या पिढीला ३०० मालिकेचा चिपसेट (बोर्डावरची नियंत्रक चिप) लागतो.

मुक्तछंद

विंडोजशिवाय चालणार असेल तर यातलं कुठलंही मशीन लिनक्स मिंटवर सुंदर चालेल. मुलाच्या सी आणि जावासाठी उत्तम. पण कोरल आणि डोंगलवालं मराठी सॉफ्टवेअर लिनक्सवर धड चालणार नाही, त्यामुळे तुमच्या घरात हा उपाय मी रेटत नाही. ज्यांच्याकडे डीटीपी नाही अशा वाचकांनी मात्र चालत्या जुन्या मशीन भंगारात घालू नका.

सुपारीचं_खांड

माझा अनुभव लिहिते, कारण माझ्यासारखं कोणाचं होऊ नये.

मला कितीतरी वर्षं वाटायचं की आय३ म्हणजे तीन कोअर, आय५ म्हणजे पाच आणि आय७ म्हणजे सात. आमच्या ओळखीतल्या निम्म्या लोकांना आजही तसंच वाटतं. त्या आकड्याचा कोअरच्या संख्येशी काही संबंध नाही. मी भावासाठी जुना लॅपटॉप घेतला, आय५-७२००यू. दुकानात सांगितलं, "आय५ आहे ताई, चार कोअर." घरी आणून बघितलं तर दोन कोअर आणि चार थ्रेड. शेवटी 'यू' लावलेले सातव्या पिढीपर्यंतचे आय५ दोन कोअरचेच असतात हे नंतर वाचलं. परत करायला गेले तर डब्यावर आय५ लिहिलंय ना, मग झालं तर, असं उत्तर. भावाने त्यावर अभ्यास केला, लॅपटॉप वाईट नव्हताच. पण मी पैसे चार कोअरचे मोजले होते, आणि त्या वेळी ते साठवायला मला आठ महिने लागले होते.

दुकानातच टास्क मॅनेजर उघडून घ्या. परफॉर्मन्समध्ये सीपीयूवर गेलं की खाली 'कोअर्स' आणि 'लॉजिकल प्रोसेसर्स' असे दोन वेगळे आकडे दिसतात. वरच्या कोपऱ्यात पूर्ण मॉडेल नंबर असतो. त्याचा मोबाइलवर फोटो काढा आणि तो नंबर बिलावर लिहून घ्या.

कृष्णाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. विंडोजची गोष्ट मला कोणीच सांगितली नव्हती. उद्या दुकानात जातो. दोन शंका. पहिली, चार कोअरमुळे वीजबिल वाढेल का? घरात सहाशे व्हीएचा यूपीएस आहे, तो टिकेल का? दुसरी, एकाने हातात मावणारा मिनी पीसी सुचवला, एन१०० नावाचा. त्यातही चार कोअर आहेत म्हणे.

खटपट्या

विजेचं घाबरू नका. आय३-७१०० वर ५१ वॅट लिहिलेलं असतं आणि आय३-८१०० वर ६५. फरक १४ वॅटचा, तोही पूर्ण ताण असतानाचा. रोज चार तास पूर्ण ताणावर चालवलं, जे तुमच्याकडे होणारच नाही, तरी महिन्याला पावणेदोन युनिटांच्या आत बसतं. वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, त्यामुळे यूपीएसही पुरेल. फक्त लेझर प्रिंटर त्या यूपीएसवर लावू नका, तो तापताना एकदम ओढतो.

एन१०० चं यंत्र छान आहे, अगदी सहा वॅटचा प्रोसेसर, विंडोज ११ चालतं, आणि यूट्यूबचे नव्या एव्ही१ फॉरमॅटमधले व्हिडिओही तो ग्राफिक्सच्या भागाकडून उलगडून घेतो. वडिलांसाठी एकट्याचं मशीन हवं असतं तर तेच सांगितलं असतं. पण त्याचे चारही कोअर छोट्या जातीचे आहेत. म्हणजे कोअर चार असले तरी एकेका कोअरचा जोर कमी, आणि नीलपरीताईंनी सांगितलं तसं कोरलला नेमका एका कोअरचा जोर लागतो. डेस्कटॉपच्या डब्यात रॅमच्या पट्ट्याही सहज वाढवता येतात.

वडिलांच्या कीर्तनाची तर काळजीच नको. यूट्यूबचे नेहमीचे व्हिडिओ ग्राफिक्सचा भागच उलगडतो, कोअर त्यात फारसे पडत नाहीत.

रात्रपाळी

मुलाच्या अँड्रॉइड स्टुडिओसाठी आत्ताच सांगून ठेवतो, ८ जीबी रॅम ही त्याची किमान मर्यादा आहे. एम्युलेटर, म्हणजे कॉम्प्युटरवरच खोटा मोबाइल चालवायचा झाला, तर १६ लागतीलच. तिथे चारही कोअर कामाला येतात, प्रोग्रॅम बांधताना आलेखाच्या चारही चौकटी भरलेल्या दिसतील. घेताना ८ ची एकच पट्टी आहे का बघा आणि एक खाच मोकळी आहे याची खात्री करा. पुढे तशीच दुसरी लावली की दोन पट्ट्या जोडीने चालतात, त्याचा आतल्या ग्राफिक्सलाही फायदा होतो.

जुनाजाणता

आणि पैसे कमी पडत असतील तर कात्री कुठे लावायची तेही सांगतो. मॉनिटर जुनाच वापरा, कीबोर्ड-माउस जुना वापरा, ५१२ ची एसएसडी नको, २५६ चालेल. पिढीवर आणि एसएसडी असण्यावर तडजोड नको. त्या दोन गोष्टी जमल्यावरही आठव्या पिढीत दोन कोअरचा पेन्टियम आणि चार कोअरचा आय३ असा प्रश्न समोर आला, तर हजार-दोन हजार जास्त देऊन चार घ्या. तुमच्या घरात मशीन रिकामं राहणार नाही.

कृष्णाकाठ

आणलं! आय३-८१००, ८ जीबीची एक पट्टी, २५६ एसएसडी. आय५ च्या डब्यापेक्षा अठराशे रुपये जास्त गेले. मुलाने दुकानातच टास्क मॅनेजर उघडला, कोअर ४, लॉजिकल प्रोसेसर ४, फोटो काढला, नंबर बिलावर लिहून घेतला. रॅमची दुसरी खाच मोकळी आहे, दिवाळीत भरू.

काल संध्याकाळी बायकोने पहिली पत्रिका उघडली. मी घड्याळ लावून बसलो होतो. जुन्यावर कोरल उघडायला सव्वा मिनिट लागायचं, यावर अकरा सेकंद. तिने कलश उचलून डावीकडे ठेवला, तो लगेच तिथे दिसला, तर तिने तो परत उजवीकडे नेला, परत डावीकडे आणला. काही बोलली नाही, पण तीनचार वेळा केलं. मुलगा मागे उभा राहून माझी पाळी कधी विचारत होता. डोंगलही लगेच ओळखला.

एकच राहिलंय. जुन्या मशीनची हार्ड डिस्क चांगली आहे, तिच्यात नऊ वर्षांच्या पत्रिकांच्या फायली आहेत. ती याच डब्यात लावावी की बाहेरून?

नीलपरी

बाहेरून. यूएसबीची केसिंग मिळते, त्यात घाला. ती साडेतीन इंची असेल तर स्वतःचा अॅडाप्टर असलेलीच केसिंग घ्या, नुसत्या यूएसबीच्या विजेवर ती फिरणार नाही. आणि दादा, आधी सगळ्या फायली एसएसडीवर उतरवून घ्या, त्यातल्या दहाबारा उघडून बघा, मगच बाकीचं. जुनी डिस्क नऊ वर्षं चालली म्हणजे दहावं वर्ष चालेल असं धरू नका. वहिनींना सांगा, लग्नसराई सुरू व्हायच्या आत हे उरकून घ्या.